ताप यायच्या आधीचा कागद: आपल्या पोराला मेनिन्जायटिसचा धोका किती, हे घरबसल्या कसं बघायचं

नागपुरात "मेडिकल" म्हटलं की दोन गोष्टी होतात, एक ते मेडिकल चौकातलं मोठं सरकारी हॉस्पिटल आणि दुसरं आमच्यासारख्यांचं गोळ्या-औषधांचं दुकान. मी दुसऱ्यातला. नंदनवनकडे छोटं दुकान आहे, काउंटरवर उभं राहून १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही, तसा आव पण आणायचा नाही. पण २०२२ च्या मे महिन्यात माझ्या हातून जे झालं त्याच्यामुळे हे लिहायला बसलोय.

मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ताई सकाळी ११ वाजता आली, ओढणी डोक्यावरून घेतलेली, ८ महिन्यांचा भाचा ओल्या पंच्यात गुंडाळलेला आणि त्याच्या झबल्याच्या खिशात चपटा केलेला कांदा. "भाऊ, याला ऊन लागलं वाटते, रात्रीपासून अंग तापून राहिलं, दूध पण घेत नाहीये." मी पण हात लावून बघितला, म्हटलं हौ, ऊनच असंल, आणि तापाचे ड्रॉप्स दिले आणि वरून शहाणपणा करून एक अँटिबायोटिक सिरप पण दिलं, घरचंच पोट्टं ना, चिठ्ठी कोण मागतं. त्याचे दोन डोस पोटात गेले. रात्री ९ ला फोन आला, पोट्टं विचित्र आवाजात रडून राहिलं, उचललं की जास्त रडते आणि टाळू वर आल्यासारखी वाटते.

हॉस्पिटलमध्ये जी रेसिडेंट डॉक्टर होती, पोरगीच होती २६-२७ ची, तिने एकीकडे सिस्टरला सलाईन लावायला सांगितलं आणि दुसरीकडे ताईला धडाधड प्रश्न विचारले. जन्माचं वजन किती होतं, किती महिन्यांचा झाला, काचेत ठेवलं होतं का, लसी कोणत्या झाल्या, कार्ड कुठे आहे, घरात कोणाला टीबी आहे का, जुना खोकला कोणाला, कान वाहतो का, कधी डोक्यावर पडला का, घरात सिकलसेल आहे का, आधी कोणतं औषध दिलं. ताईला निम्म्याची उत्तरं येईनात. मला तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडातून निघेना.

नंतर कधीतरी लक्षात आलं की ते सगळे प्रश्न म्हणजेच रिस्क फॅक्टर, धोका वाढवणाऱ्या गोष्टी. तिने दहा मिनिटांत ज्याची यादी केली ती आपण पोरगं ठणठणीत असताना, चहा पीत, एका कागदावर लिहून ठेवू शकतो. हा लेख त्याच कागदाचा आहे. एक कोरा कागद घ्या, वर पोराचं नाव आणि जन्मतारीख टाका आणि खाली एकेक पायरी भरत जा.

आधी आजार काय ते थोडक्यात

मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू, दोघांवर मिळून तीन पातळ पडद्यांचं आवरण असतं, त्याला सूज आली की मेनिन्जायटिस. आपल्याकडे लोक सरसकट "मेंदूज्वर" किंवा "डोक्यात ताप चढला" म्हणतात. मेंदूलाच सूज आली तर तो एन्सेफेलायटिस, दोन्ही वेगळे पण लहान पोरांत लक्षणं इतकी सारखी की घरी फरक करायच्या भानगडीत पडू नका.

व्हायरसने होणारा मेनिन्जायटिस जास्त दिसतो आणि बहुतेक पोरं त्यातून आपोआप बरी होतात. बॅक्टेरियाचा मात्र काही तासांत पोरगं हातातून नेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार बॅक्टेरियल मेनिन्जायटिस झालेल्या साधारण ६ पैकी १ जण दगावतो आणि वाचलेल्या ५ पैकी एकाला मोठं काहीतरी मागे राहतं, ऐकू कमी येणं, झटके, अभ्यासात मागे पडणं असं. आणि तिसरा आपल्या देशातला जुना पाहुणा, टीबीचा मेनिन्जायटिस, तो आठवडे लावून हळूहळू येतो. त्याच्याबद्दल खाली जास्त लिहिलंय, कारण त्याच्यातच सगळ्यात जास्त लोक फसतात.

पायरी १: वय आणि जन्माची फाईल

सगळ्यात मोठा रिस्क फॅक्टर कोणता असं विचाराल तर वय. पहिला महिना सगळ्यात नाजूक, मग पहिलं वर्ष, मग ५ वर्षांपर्यंत धोका उतरत जातो. कारण सरळ आहे, बाळाची प्रतिकारशक्ती अजून शाळेतच गेलेली नसते.

नवजात बाळाचे जंतू पण वेगळे असतात, ग्रुप बी स्ट्रेप, ई कोलाय, क्लेब्सिएला असले, बरेचदा बाळंतपणाच्या वेळी आईकडून नाहीतर वॉर्डातून आलेले. म्हणून डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यातून एवढं कागदावर उतरवा: बाळ ३७ आठवड्यांच्या आधी झालं का, वजन अडीच किलोच्या खाली होतं का, पाणी गेल्यावर १८ तासांपेक्षा जास्त वेळ डिलिव्हरी लांबली का, आईला त्या वेळी ताप होता का, बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) किती दिवस होतं. यातलं काही असलं म्हणजे पोराला काही होणारच असं नाही हां, पण पहिल्या दोन महिन्यांत तुमची सहनशक्ती कमी ठेवायची, "बघू उद्या" नको.

आणि बाप्पा, घरातल्या मोठ्यांना दुखावून का होईना पण हे करा: नाळेवर राख, तेल, हळद काही लावू नका, कोरडी राहू द्या. पहिला चीक फेकू नका, बाळाला पाजा, आईच्या दुधासारखं संरक्षण माझ्या दुकानात बाटलीत मिळत नाही. घुटी, मध नको. आणि ज्याच्या ओठावर ताप उतरल्यासारखे पुरळ आलेत त्याने बाळाची पप्पी घ्यायची नाही, तो हर्पिसचा व्हायरस असतो आणि नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बारशाला आलेल्या मामंजीला हे सांगणं अवघड जातं, मान्य आहे.

पायरी २: लसीचं कार्ड, आणि त्यातली रिकामी घरं

भाच्याचं कार्ड ताईच्या पर्समध्ये नव्हतंच, सासरी आर्वीला राहिलेलं. दुसऱ्या दिवशी जावयांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तेव्हा कळलं, १४ आठवड्यांचं घर रिकामं. का, तर १० आठवड्यांच्या इंजेक्शनला ताप आला होता आणि पाय सुजला होता, मग लग्नसराई आली, मग राहून गेलं. भांडण कोणाचं नाही, असंच राहतं.

आता कार्ड समोर घ्या आणि मेनिन्जायटिसच्या नजरेने बघा. जन्माला बीसीजी, डाव्या दंडावरची, ती लहान पोरांना टीबीच्या मेनिन्जायटिससारख्या गंभीर टीबीपासून वाचवायलाच असते, मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या टीबीवर तिचा तेवढा भरवसा नाही. ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पाच आजारांची एक सुई, त्यातला पाचवा म्हणजे हिब. हिबचं पूर्ण नाव हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी, नावात इन्फ्लुएंझा असला तरी फ्लूशी काही घेणंदेणं नाही, तो बॅक्टेरिया आहे आणि लस यायच्या आधी लहान पोरांच्या मेनिन्जायटिसमागे तो मोठा गुन्हेगार होता. मग पीसीव्ही, न्यूमोकोकस नावाच्या बॅक्टेरियाची, तो पण मेनिन्जायटिस करतो, ६ आणि १४ आठवडे आणि ९ महिन्यांना बूस्टर. ही सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली, त्याच्या आधी खासगीत महाग पडायची म्हणून बरेच लोक सोडून द्यायचे. म्हणजे तुमचं मोठं पोरगं २०२१ च्या आधीचं असेल तर त्याच्या कार्डावर पीसीव्ही नसण्याची शक्यता बरीच आहे.

९ महिन्यांनंतर आणि मग १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेला. यात गालगुंडाची लस नाही, आणि गालगुंडाने पण मेनिन्जायटिस होतो, बहुतेक वेळा हलका. हवी असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे एमएमआर मिळते, पैसे देऊन. मेनिन्गोकोकस, मेनिन्जायटिस करणारा आणखी एक बॅक्टेरिया, त्याची लस पण सरकारी यादीत नाही, ती सगळ्यांना लागत पण नाही, कोणाला लागते ते पुढे येतंय. जपानी मेंदूज्वराची लस ठराविक जिल्ह्यांतच देतात, तुमच्या भागात आहे का ते लसीकरणाच्या दिवशी सिस्टरला विचारा.

घर रिकामं दिसलं तर काय? पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिलेला डोस पुढे घ्यायचा. फक्त पेंटा आणि पीसीव्ही सरकारीत एक वर्षाच्या आत सुरू व्हाव्या लागतात, म्हणून ११ महिन्यांचं पोट्टं घेऊन "पुढच्या महिन्यात जाऊ" करू नका. साधी सर्दी, थोडी शी पातळ, यासाठी लस पुढे ढकलायची नसते. आणि पेंटानंतर एक-दोन दिवस ताप बऱ्याच पोरांना येतो, त्याच्यामुळे पुढचा डोस सोडणारे आईबाप मी काउंटरवर इतके बघितले की आता मी ड्रॉप्स देतानाच विचारतो, पुढची तारीख कोणती.

कार्डाचा फोटो काढून आई, बाप, आजी तिघांच्या फोनमध्ये ठेवा. बस, पायरी संपली.

पायरी ३: घरात कोण खोकलून राहिलं

इथे जरा थांबून विचार करा, घाई नको. तुमच्या घरात किंवा पोरगं रोज ज्याच्या मांडीवर बसतं त्याला दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला आहे का? आजोबांचा "दम्याचा खोकला", काकाचा "बिडीचा खोकला", वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, धुणंभांडं करणाऱ्या मावशी, ट्यूशनच्या मॅडम, रोज शाळेत नेणारे ऑटोवाले काका. यातल्या कोणालाही फुफ्फुसाचा टीबी असला तर ५ वर्षांखालच्या पोराला तो लागून सरळ मेंदूच्या आवरणापर्यंत जायची शक्यता मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. पोराकडून टीबी पसरत नाही फारसा, पोराला टीबी झाला म्हणजे जवळपास कोणीतरी मोठा माणूस निदान न झालेला फिरून राहिला असं समजा.

टीबीचा मेनिन्जायटिस येतो कसा ते एकदा डोळ्यासमोर आणा. पोरगं चिडचिडं झालं, खेळत नाही, कोपऱ्यात बसते. बारीक ताप, कधी आहे कधी नाही. जेवण कमी, वजन उतरलं. सकाळी उठल्या उठल्या उलटी. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं जंत झाले, जंताचं औषध माझ्याकडूनच नेतात, कोणी म्हणतं शाळेत जायचा कंटाळा. असे दोन-तीन आठवडे जातात, मग डोकं दुखतं म्हणून रडतं, मग एक दिवस डोळा तिरळा दिसायला लागतो नाहीतर झटका येतो, तेव्हा धावपळ. डोळा तिरळा व्हायच्या आधी ओळखलं तर पोरगं चांगलं बरं होण्याचा चान्स खूप मोठा असतो, नंतर तो झपाट्याने कमी होतो. औषध साधारण वर्षभर चालतं, सुरुवातीला सोबत स्टिरॉइड पण.

म्हणून करायचं काय? ज्याला दोन आठवड्यांचा खोकला त्याची बेडक्याची तपासणी जवळच्या मनपा दवाखान्यात किंवा मेडिकल-मेयो या सरकारी हॉस्पिटलांत करवा, फुकट होते. रिपोर्टमध्ये टीबी निघाला तर लपवू नका, कारण घरातल्या लहान पोरांना त्याच कार्यक्रमातून टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या मिळतात. आधी पोराला टीबी झालेला नाही ना ते तपासतात, मग आयसोनियाझिड रोज, ६ महिने, वजनाप्रमाणे. "पोट्टं तर ठणठणीत आहे, काऊन गोळ्या द्यायच्या" असं म्हणून अर्ध्यात सोडणारे लोक आहेत. ठणठणीत आहे म्हणूनच द्यायच्या ना. कच्चं, न उकळलेलं दूध पण बंद, गोठ्यातून आणलं असलं तरी.

पायरी ४: सिकलसेल, हे विदर्भाचं स्वतःचं प्रकरण

मेनिन्जायटिसबद्दल सहसा जे वाचायला मिळतं त्यात हा मुद्दा शेवटच्या ओळीत असतो, आपल्याकडे तो वर यायला पाहिजे. विदर्भातल्या बऱ्याच समाजांत सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आहे आणि अनेक घरांत कोण "एएस" (नुसता वाहक) कोण "एसएस" (आजार असलेला) हे लग्न जमवतानाच कळतं, तोवर नाही.

कारण असं की आपल्या पोटात डाव्या बाजूला प्लीहा असते, ती रक्तातून काही विशिष्ट जंतू गाळून मारते, न्यूमोकोकस, हिब, मेनिन्गोकोकस असे ज्यांच्या अंगावर कवच असतं ते. एसएस पॅटर्नच्या पोरांत ही प्लीहा पहिल्या काही वर्षांतच काम करेनाशी होते. म्हणजे रक्तात जंतू शिरला तर अडवायला चौकीच नाही. एएस म्हणजे वाहक असलेल्या पोराला हा धोका नसतो, उगाच घाबरू नका.

घरात कोणाला सिकलसेल असेल, पोराचे हातपाय सुजतात, वारंवार पांढरं फटक पडतं, सांधे दुखतात म्हणून रडतं, तर तपासणी करवा, आधी साधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, सरकारी दवाखान्यात तपासणीला पैसे लागत नाहीत. पॅटर्न एसएस निघाला तर डॉक्टरांशी तीन गोष्टी ठरवून कागदावर लिहा: ५ वर्षांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलीन, पीसीव्हीशिवाय २ वर्षांनंतरची न्यूमोकोकसची दुसरी लस आणि मेनिन्गोकोकसची लस, आणि ताप १०१ च्या वर गेला तर त्याच दिवशी, त्याच तासाला म्हणा, हॉस्पिटल. माझ्याकडे एक गृहस्थ दर महिन्याला पोरीसाठी पेनिसिलीनच्या गोळ्या नेतात, एकदा संपल्या म्हणून चार दिवस थांबले होते, मी त्यांच्यावर जरा जास्तच चिडलो, पण मला राहवलं नाही.

प्लीहा काढलेली, एचआयव्ही, किडनीचा नेफ्रोटिक सिंड्रोम, कॅन्सरची औषधं, बरेच दिवस स्टिरॉइड, खूप कुपोषण, ही पोरं पण याच रांगेत.

पायरी ५: कान, डोकं, पाठ

कान वाहतो का? नागपुरी भाषेत "कान फुटला". मधल्या कानातलं जुनं इन्फेक्शन हाडातून आत मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतं. वाहत्या कानात गरम तेल, लसणाचं तेल, घरातलं कसलंही थेंब टाकू नका, पडद्याला भोक असेल तर ते सगळं आत जातं. कानामागे लाल सूज आली आणि कान पुढे आल्यासारखा दिसला तर तीच रात्र ईएनटीकडे.

डोक्याला मार लागला होता का, म्हणजे अ‍ॅक्टिवावर समोर उभं केलेलं पोरगं पडणं वगैरे, आणि त्यानंतर नाकाच्या एकाच बाजूने स्वच्छ पाण्यासारखं टपकतं, खाली वाकलं की जास्त? ती सर्दी नसू शकते, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, कवटीच्या बारीक तड्यातून. कधीकधी महिन्यांनी मेनिन्जायटिस होतो तेव्हा तो जुना अपघात आठवतो. ज्या पोराला मेनिन्जायटिस दुसऱ्यांदा झाला त्याच्यात डॉक्टर अशी गळती शोधतातच.

बाळाची पाठ आज आंघोळीच्या वेळी नीट बघा. कुल्ल्यांच्या घडीत असलेली बारीक खळी बहुतेक काही नसते. पण घडीच्या वर, कमरेच्या मधोमध खोल भोक, केसांचा झुपका, लाल डाग किंवा मऊ गाठ असेल तर दाखवा, तिथून आत नळी जाऊ शकते आणि जंतूंना सरळ रस्ता मिळतो. डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढायची नळी) बसवलेली पोरं आणि कॉक्लिअर इम्प्लांटवाली (ऐकू यायला कानाच्या आत यंत्र बसवलेली) पोरं, यांनी त्यांच्या सर्जनला लसींबद्दल वेगळं विचारायचं.

पायरी ६: घर आणि गर्दी

हे पटकन. घरात विडी-सिगारेट ओढणं, चुलीचा धूर, एका खोलीत सात जण, याने घशात जंतू बाळगणारे लोक वाढतात आणि पोराच्या नाका-घशाची भिंत कमजोर होते. "मी बाल्कनीत ओढतो" याने अर्धंच काम होतं. होस्टेलला जाणारी पोरं, परदेशी कॉलेजात जाणारी, आणि हज-उमराला घरच्यांसोबत जाणारी मुलं, यांच्यासाठी मेनिन्गोकोकसची लस आहे. हज-उमरासाठी तर ती लागतेच, निघायच्या निदान १० दिवस आधी.

जुनं कुडाचं, मातीच्या भिंतीचं घर, गोठा लागून असेल तर आपल्याकडे आणखी एक गोष्ट. चांदीपुरा व्हायरस, तो नागपुरातच पहिल्यांदा १९६५ मध्ये सापडला, इथल्या चांदीपुऱ्याचं नाव त्याला पडलं, जगभरच्या पुस्तकांत आपल्या गावाचं असं नाव झालंय. वाळूमाशी चावून पसरतो, ती डासापेक्षा कितीतरी बारीक, भिंतीच्या भेगांत राहते. २००७ मध्ये नागपूर विभागात त्याची साथ होऊन गेली. हा मेनिन्जायटिस नाही, मेंदूचाच ताप आहे, पण एका दिवसात पोरगं बेशुद्ध होतं. पावसाळ्यात भेगा लिंपा, फवारणीवाले आले तर घरात येऊ द्या, पोरांना जमिनीवर उघडं झोपवू नका.

आणि ज्याचा संबंध नाही त्याची पण यादी देऊन टाकतो, कारण आजीच्या कोर्टात आई आरोपी होते: कूलरसमोर झोपवलं, बर्फाचा गोळा खाल्ला, टाळूवर तेल घातलं नाही, संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेतलं. याने मेनिन्जायटिस होत नाही. दात येताना १०३ ताप येत नाही, ते पण सांगून ठेवतो.

पायरी ७: ताप आला, आता कागद काढा

दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर नियम एकच. १००.४ फॅरनहाइट किंवा वर, नाहीतर उलट अंग थंडगार, ९५.९ च्या खाली, दूध ओढत नाही, हलवल्याशिवाय हात-पाय हलवत नाही, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, झटका, यातलं एक जरी असलं तरी हॉस्पिटल, आधी ड्रॉप्स देऊन "उतरतो का बघू" नाही. लहान बाळात मेनिन्जायटिसमध्ये ताप नसूही शकतो, हे लक्षात ठेवा.

दीड वर्षाखाली मान ताठ होईलच असं नसतं, त्यामुळे "मान तर वाकते ना" म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या वयात टाळू बघायची. बाळ शांत असताना, उभं धरून, बोट हलकं फिरवायचं, नेहमी ती सपाट किंवा किंचित खोल लागते. फुगलेली, ताणलेली लागली तर निघा. रडताना ती थोडी वर येतेच, म्हणून शांत असतानाच बघा. दुसरी खूण ताईने फोनवर सांगितलेली तीच: नेहमी कडेवर घेतलं की शांत होणारं पोरगं उचलल्यावर जास्त रडतं, कारण हलवलं की आवरण ताणलं जातं आणि दुखतं. आवाज पण बारीक, चिरका, एकसुरी.

मोठं पोरगं असेल तर ताप, जोरात डोकेदुखी, उलट्या, उजेड नको म्हणणं, हनुवटी छातीला लावता न येणं, झोपाळल्यासारखं, असंबद्ध बोलणं. अंगावर जांभळट ठिपके दिसले तर काचेचा साधा ग्लास त्यावर दाबा, ग्लासातून बघताना ठिपके फिके पडले नाहीत तर १०८ लावा, तेव्हाच. सावळ्या पोरांत ठिपके तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत बघावे लागतात.

आता उन्हाचा मुद्दा. ऊन लागलेलं पोरगं पण तापतं, सुस्तावतं, उलटी करतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये सगळ्यांची फसगत होते, माझी झाली. पण मला आता एवढं कळतं की भाचा आदल्या दिवशी घराबाहेर पडलाच नव्हता, दिवसभर कूलरमध्ये होता, मग ऊन लागलं कुठून? हा एक प्रश्न मी ताईला विचारला असता. आणि खरंच ऊन लागून पोरगं गुंगीत असेल तर ते पण हॉस्पिटलचंच काम आहे, कांदा-पन्ह्याचं नाही. म्हणजे गुंगी दिसली की कारण शोधत बसायचंच नाही.

झटका आला तर कुशीवर झोपवा, तोंडात चमचा, बोट, पाणी, चप्पलचा वास, काही नाही, वेळ बघा आणि निघा. वर्षाखालच्या पोराला तापात झटका आला तर "तापाचा झटका, सगळ्यांनाच येतो" असं घरीच ठरवू नका.

आणि माझ्या काउंटरची गोष्ट. अँटिबायोटिकचे अर्धवट डोस दिले की लक्षणं एक-दोन दिवस दबू शकतात आणि तपासायला पाठीतून काढलेल्या पाण्यात जंतू बरेचदा उगवत नाही. भाच्याचं तसंच झालं, पेशी वाढलेल्या, साखर एकदम कमी, म्हणजे बॅक्टेरियल आहे हे दिसत होतं, पण कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवलं नाही. जंतू कोणता ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून अंदाजाने दोन अँटिबायोटिक पूर्ण १४ दिवस नसेतून द्यावी लागली. त्या रेसिडेंटने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, खाली बघून. तुम्ही पण सांगा, बाटली सोबत न्या, कोणी ओरडलं तर ओरडू द्या. दुकानदाराने बिनचिठ्ठीचं अँटिबायोटिक पुढे केलं, तो मी असलो तरी, घेऊ नका.

पाठीतलं पाणी

इथे घरचे अडून बसतात. "पाठीत सुई टोचली की पोट्टं लंगडं होते" हे मी वॉर्डाबाहेर तीन वेगवेगळ्या आज्यांच्या तोंडून ऐकलं. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपते, सुई त्याच्या खाली जाते जिथे फक्त पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या नसांचे धागे असतात. थोडेसेच थेंब काढतात. त्यातून बॅक्टेरिया, व्हायरस की टीबी हे कळतं आणि औषध ७ दिवस, १४ दिवस की वर्षभर हे त्याच्यावरच ठरतं. जी पोरं नंतर अधू झाली ती आजाराने झाली, सुईने नाही. सही करायला उशीर करू नका. कधीकधी पोरगं फार गंभीर असेल तर डॉक्टर आधी अँटिबायोटिक सुरू करतात आणि पाणी नंतर काढतात, ते बरोबरच आहे.

शेजारीपाजारी आणि शाळेचं पण एक असतं, सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या का? मेनिन्गोकोकस निघाला तर घरातल्यांना आणि अगदी जवळ राहणाऱ्यांना रिफाम्पिसिनसारखी प्रतिबंधक औषधं लागतात, शक्यतो २४ तासांत, हिबमध्ये घरात लहान पोरं असतील तर कधीकधी. न्यूमोकोकसमध्ये, व्हायरलमध्ये नाही. कोणाला द्यायचं ते वॉर्डातले डॉक्टर सांगतील, माझ्याकडे येऊन पूर्ण गल्लीसाठी मागू नका.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या आनंदात एक गोष्ट सुटते, कानाची तपासणी. बॅक्टेरियल मेनिन्जायटिसनंतर सगळ्यात जास्त राहणारी खोड म्हणजे कमी ऐकू येणं, आणि ८ महिन्यांचं पोरगं "मला ऐकू येत नाही" असं सांगणार नाही. डिस्चार्जनंतर ४ आठवड्यांच्या आत बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते बघायची तपासणी, करून घ्यायची, झोपेत करतात, दुखत नाही. उशीर का नको, तर आतला कान कधीकधी हाडासारखा घट्ट होत जातो आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट बसवायला जागाच राहत नाही. त्यानंतर बसणं, बोलणं, चालणं वेळेवर होतंय का ते दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं, आणि राहिलेल्या लसी पूर्ण करायच्या, आजार होऊन गेला म्हणून लस माफ होत नाही.

भाच्याच्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं हे बेरातच निघालं. मशीन लावतो, आता बालवाडीत जातो, बडबड्या आहे. मशीनचा छोटा सेल आठवडा-दीड आठवडा जातो, त्याची पट्टी मी काउंटरच्या डाव्या खणात ठेवतो, ज्या खणात तेव्हा ते सिरप होतं.